एक दिवा, तीन बटणं

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात. खालच्या बटणाने दिवा लावायचा, वर पोचल्यावर वरच्याने बंद करायचा. इथे ‘बटण खाली म्हणजे चालू’ हा नियम चालत नाही. दोन्ही बटणांना तीन-तीन टोकं, मध्ये दोन वायरी, आणि ज्याने शेवटचा हात लावला त्याचं दिवा ऐकतो. वायरमन याला टू-वे म्हणतात. मला ही घरातली सगळ्यात समजूतदार वस्तू वाटते.

आमच्या पॅसेजमध्ये मला असंच काहीतरी हवं होतं, पण दिवा मंद करता येईल असं. आजी रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठते. अंधारात पडायची भीती. पूर्ण दिवा लावला तर डोळे दिपतात आणि मग झोप येत नाही. म्हणजे रात्री १५ टक्के उजेड पुरे, आणि बटणं तीन जागी: तिच्या पलंगापाशी, बाथरूमच्या दाराशी, माझ्या खोलीबाहेर.

पहिल्यांदा वाटतं, तीन स्मार्ट डिमर घ्यावेत आणि टू-वेसारखे जोडून टाकावेत. ते जमत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लहरी. साधारण डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग कापतो. जेवढा जास्त कापेल तेवढा दिवा मंद. दोन डिमर एकापुढे एक लावले तर दुसऱ्याच्या वाट्याला आधीच कापलेली लहर येते. मग दिवा लुकलुकतो, डिमरही बिघडू शकतो. म्हणून दिव्याच्या वायरीवर डिमर एकच. बाकीची बटणं नुसती निरोप्याचं काम करतात. ती सेलवर चालतात, भिंतीला चिकटवता येतात. बल्ब मात्र डिमरवर चालणारा एलईडीच लागतो.

आता प्रश्न उरतो तो निरोप जातो कुठून याचा. एक रस्ता इंटरनेटवरून: बटण दाबलं की निरोप दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरला जाऊन परत पॅसेजमध्ये येतो. नेट गेलं की रात्री दोन वाजता आजी बटण दाबत अंधारात उभी. दुसरा रस्ता घरातल्या हबचा. तिसरा थेट: झिगबीमध्ये ‘बाइंडिंग’ नावाची सोय असते. जोडणी एकदा झाली की बटण सरळ डिमरशी बोलतं. हब बंद असला तरी चालतं, नेट लागतच नाही.

मी हबवर सगळं बसवलं होतं. एकदा आजीला फोनवर दाखवलं: हे बघ, दिवा कधी लागला, किती मंद, सगळं इथे दिसतं. तिने चष्मा लावून यादी वाचली. १:१०, ३:२५, ४:५०.

“म्हणजे मी किती वेळा उठते ते तू बघतोस?”

रागावली नव्हती. पण त्या रात्री तिने दिवा लावलाच नाही, भिंतीला धरत गेली. मला तिच्या चपलांचा आवाज आला.

काळजी आणि पाळत यांच्यातलं अंतर किती, हे मला त्या आवाजाने सांगितलं. ती यादी तिला पडण्यापासून वाचवणार नव्हती. दिवा लागला एवढंच ती सांगत होती. वाचवणार होता तो उजेड, आणि तो लावायला तिचा हात मोकळा असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून दोन्ही बटणं थेट डिमरला बांधली. मग हबची वायर काढली आणि तिला म्हटलं, आता दाबून बघ. दिवा लागला. तिने परत दाबलं, विझला. बाथरूमच्या दाराशी जाऊनही तिने तेच केलं. हब आता ड्रॉवरमध्ये आहे.

ती रात्री किती वेळा उठते ते मला हल्ली कळत नाही. सकाळी चहा घेताना विचारतो, “आजी, झोप लागली का गं?” तिला सांगायचं असतं तेवढं ती सांगते.