घुमानची पडशी



वाचक माउलींनो, येत्या पौषात मी घुमानला निघालो आहे. कळव्याच्या बावीस भाविकांची गाडी आहे. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांचे दर्शन, मग मुक्ताईनगर, ओंकारेश्वर, उज्जैन, मथुरा, कुरुक्षेत्र, अमृतसर आणि शेवटी घुमान. माझे वय शहात्तर. गुडघे कुरकुरतात, गळा बसला, म्हणून चार वर्षांपूर्वी नारदाच्या गादीवरून उतरलो. आता कशाला एवढी दगदग, असे घरचे विचारतात. त्याचे कारण तुम्हालाच सांगतो.

चाळीस वर्षे मी नामदेवरायांचे चरित्र कीर्तनात सांगितले. ज्ञानोबारायांनी तीर्थयात्रेला चला म्हटले आणि नामदेवरायांचा पाय पंढरीतून निघेना, हे ऐकताना श्रोत्यांचे डोळे भरत. पुढे नामदेवराय उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. एवढे सांगून थांबावे की नाही? पण भरात येऊन मी तिथले तळे, झाड, पायवाटेची धूळसुद्धा वर्णन करीत असे.

२०१५ साली घुमानला ८८ वे मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच वर्षी आमच्याकडील एका सप्ताहात, काल्यानंतर, एका मुलाने पाया पडून विचारले, "महाराज, तुम्ही घुमानला कधी गेला होता?"

मी म्हणालो, "बाळा, मनाने रोज जातो." मंडळी खूश झाली. मुलगा मात्र तसाच बघत राहिला. त्या दिवशीचा काला मला गोड लागला नाही.

म्हणून ही तयारी. सुनेने गोळ्यांची डबी वारांप्रमाणे लावून दिली, लोकरीची टोपी आणि मफलर दिला. संक्रांतीच्या सुमारास तिथे मेळा असतो आणि थंडी कडाक्याची. लंगरात सगळ्यांबरोबर जमिनीवर पंगतीला बसायचे, म्हणून महिनाभर रोज पहाटे सतरंजीवर बसून हात न टेकता उठण्याचा सराव करतो. अजून एक हात टेकावा लागतो. ओळखीच्या एका सरदारजींकडून गुरुमुखीची पैंतीस अक्षरे शिकतो आहे. त्यांच्या पोथीत 'नामदेउ' असे लिहिलेले पहिल्यांदा स्वतः वाचले, तेव्हा बोट त्या अक्षरावरून हलेना.

आणखी एक तयारी मनाची. तिथले भाविक म्हणतात, बाबा नामदेवांनी देह घुमानलाच ठेवला. आपण महाद्वारातल्या पायरीवर माथा टेकतो. तिथे वाद घालायचा नाही, नुसते ऐकायचे. जन्मभर बोलण्याची सवय असलेल्याला हे गुडघ्यांपेक्षा अवघड आहे.

पडशीत टाळ, बुक्का, गोपीचंदन आणि हरिपाठ ठेवला. कीर्तनाच्या टिपणांची जुनी वही ठेवली होती, ती काल रात्री बाहेर काढली. तिच्या जागी कोरी वही घातली.

माउलींनो, जे सांगता ते एकदा पाहून या. पाय चालताहेत तोवर. तो मुलगा आता कुठे असेल ठाऊक नाही. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याने समजून घ्यावे, त्या दिवशी महाराजांनी उत्तर चुकवले होते. घुमानचे तळे कसे आहे ते परत आल्यावर लिहीन.

रामकृष्ण हरी.