माणसे मोजून मिळणारा रस्ता

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात दिली आहे. बेळगावात कुणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला, "अगबाई, इतक्या लांब?" भावोजी बैहर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतरही दोघे तिथल्याच शेतावर राहिले. सालाचे जंगल, मोहाची झाडे आणि वीसएक उंबऱ्यांची वस्ती. तिकडे तिला टोला म्हणतात.

तसे पाहिले तर बालाघाट आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. गोंदिया शेजारी, पण राजधानी भोपाळ. आपण घरी मराठी, कचेरीत कन्नड बोलतो. अक्का घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात तोडकीमोडकी गोंडी बोलते.

फरक जाणवतो तो सरकारी गाडीचा. आपल्याकडे दोन-दोन राज्यांच्या बसगाड्या धावतात, उशिरा का होईना. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. मग उरल्या खासगी गाड्या. त्या जिथे सीट भरते तिथेच जाणार. सातपुड्यातली छोटी रेल्वे २०१५ मध्ये थांबली. तिच्या जागी गोंदिया ते जबलपूर मोठी लाइन आली, ती सोयीचीच आहे. पण बैहरकडे रेल्वे नाही. अक्काच्या टोल्यापासून बसचा थांबा चार किलोमीटर, आणि मध्ये नाला.

रस्ता का होत नाही, याचे उत्तर आकड्यात आहे. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट होती. २०२४ च्या चौथ्या टप्प्यात नक्षलग्रस्त भागासाठी ती १०० पर्यंत खाली आली. ५०० मीटरच्या आतली घरे एकत्र धरता येतात. अक्काचा टोला शंभराच्याही खाली, आणि शेजारची वस्ती त्याहून लांब.

गंमत अशी की जिल्ह्याची लोकसंख्या वाढतेच आहे. २००१ मध्ये १४,९७,९६८ होती, २०११ मध्ये १७,०१,६९८ झाली. दर हजार पुरुषांमागे १,०२१ बायका! टोला मात्र रिकामा होतो. रस्ता नाही म्हणून तरुण जातात, आणि तरुण गेले म्हणून आकडा भरत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाचेसून दिवसांत होती. नाला भरला की रुग्णवाहिका पलीकडेच थांबते. म्हणून तिला तीन आठवडे आधी बैहरला खोली घेऊन ठेवले. बाळंतपण नीट झाले. पण खोलीचे भाडे, भाच्याची बुडालेली मजुरी यांत घरचे धान विकावे लागले. आपल्या खानापूर तालुक्यातल्या आमगावच्या एका आजारी बाईला २०२४ च्या पावसाळ्यात माणसांनी जंगलातून उचलून आणले होते. तेव्हा हे दुःख आपल्यालाही नवे नाही.

आता भाचा गोंदियाला बिऱ्हाड हलवणार आहे. लेकरासाठी त्याचे बरोबरच आहे. मी अक्काला म्हटले, "तुम्ही दोघे इकडे बेळगावला या. दवाखाना जवळ, बस दारात."

ती म्हणाली, "पोरगा गेला की तीन माणसं कमी. आम्ही गेलो की पाच. मग उरलेल्यांना रस्ता कोण देईल? २०२७ च्या जनगणनेत आमची नावं इथंच लागू देत. पुढचं पुढं बघू."

मी पुन्हा आग्रह केला नाही. दर आठवड्याला फोन मात्र करते, आणि पहिले विचारते ते नाल्याच्या पाण्याचे.