कंगव्यावरचे पाच वर्ण

डेन्मार्कमधील फ्यून बेटावर, व्हिमोसे येथील दलदलीत शिंगाचा एक कंगवा सापडला. त्यावर पाच वर्ण कोरले आहेत: ‘हार्या’. काळ साधारण इ. स. १६०. कोणी अभ्यासक त्यात व्यक्तिनाम पाहतात, तर कोणी ‘योद्धा’ असा अर्थ लावतात. जर्मानिक लोकांच्या रून लिपीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक, आणि तो आढळला कुठे, तर केस विंचरण्याच्या वस्तूवर! रून म्हटले की ज्यांना केवळ मंत्रतंत्र आठवतात, त्यांनी या कंगव्याकडे घटकाभर पाहावे. विसाव्या शतकात नाझींनी ही चिन्हे गणवेशांवर मिरवली. त्यांत वंशगौरव शोधणारे आजही आहेत. त्यांनी तर अवश्य पाहावे.

प्राचीन रूनमालेत २४ वर्ण होते. पहिल्या सहा वर्णांच्या ध्वनींवरून तिला ‘फुथार्क’ म्हणतात. रेषा उभ्या किंवा तिरक्या. आडवी रेघ जवळजवळ नाहीच, कारण लाकडावर तंतूंच्या दिशेने ओढलेली रेघ तंतूंतच हरवते. शिरोरेषेखाली अक्षरे लिहिण्याची सवय असलेल्याला हे नवल वाटावे. प्रत्येक वर्णाला नाव होते, आणि ही नावे अभ्यासकांनी उत्तरकालीन साधनांवरून पुन्हा सिद्ध केली आहेत. पहिल्याचे नाव ‘फेहू’, म्हणजे गुरेढोरे, आणि त्यावरून धन. संस्कृतातील ‘पशु’ हा त्याचाच सगोत्र शब्द!

पुढे आठव्या शतकाच्या सुमारास स्कँडिनेव्हियात एक चमत्कारिक गोष्ट घडली. भाषेतील स्वर वाढले, आणि वर्ण मात्र २४ चे १६ झाले. ‘क’ आणि ‘ग’ यांना एकच चिन्ह. ‘त’ आणि ‘द’ यांनाही एकच. संदर्भ जाणून शब्द ओळखण्याचे ओझे वाचणाऱ्यावर पडले. इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट, वर्ण वाढत गेले. लिपी नेहमी प्रगतच होत जाते, या भाबड्या समजुतीला हे उदाहरण मुळीच मानवणारे नाही. तरीही याच तोकड्या लिपीत स्वीडनच्या र्‍योक शिळेवर, नवव्या शतकात, सुमारे ७६० वर्णांचा मजकूर कोरला गेला. वारिन नावाच्या पित्याने मृत पुत्र वामोथ याच्या स्मरणार्थ तो लिहिला. त्यातील कोड्यांवर विद्वान आजही वाद घालतात. पुत्रशोकाबद्दल मात्र कोणाला शंका नाही.

ख्रिस्ती धर्माबरोबर रोमन लिपी आली, तरी रून लगेच संपले नाहीत. १९५५ मध्ये नॉर्वेतील बर्गन शहराच्या ब्र्युगेन या बंदरभागात आग लागली. त्यानंतरच्या उत्खननात मध्ययुगीन रूनलेख असलेल्या शेकडो वस्तू हाती आल्या. त्यांत लाकडाच्या काड्या फार: मालाच्या चिठ्ठ्या, व्यापाऱ्यांचे निरोप, प्रार्थना, प्रेमाचे बोल.  जे लोक कुठल्याही इतिहासग्रंथात शिरले नाहीत, त्यांचे हस्ताक्षर यांत आहे.

त्यातल्याच एका काडीवर निरोप आहे: घरी ये, असे ग्युदा सांगते. काडीच्या दुसऱ्या बाजूलाही काही कोरले आहे. ते त्याचे उत्तर असावे. पण त्याचा अर्थ अद्याप कोणाला लागलेला नाही.