खाऱ्या काठाचं गाव

दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. लोणारच्या तळ्यातून निघणाऱ्या खाराचे हे प्रकार जुन्या नोंदींत वाचले आणि मन तिथंच घुटमळलं. समुद्र शेकडो मैल दूर. बुलढाण्याच्या काळ्या दगडात वसलेलं हे गाव. ना होडी, ना कोळी, ना भरती-ओहोटी. तरी त्याला खारा काठ आहे आणि त्या काठावर ते पिढ्यान्‌पिढ्या जगलं.

उल्का आदळून हे तळ्याचं विवर झालं, ही गोष्ट शाळेतली पोरंही सांगतात. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली, तेव्हापासून जग वर कड्यावर उभं राहून खाली पाहतंय. जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा तो वाटोळा खड्डा खरोखरच श्वास रोखायला लावतो. पण माझा जीव अडकतो तो खारात. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर पांढरा थर धरायचा. साबणाला हा खार, काचेला हा खार, कापडाचा रंग पक्का बसायला हाच खार, आणि पापडातही हाच. कुठल्या तरी आजीच्या पापडाच्या लाटीत लोणारचं तळं असायचं! अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त या मुलखाबद्दल लिहिताना साबण आणि काच यांचा मुद्दाम उल्लेख केला, ब्राह्मण लोणारला विष्णुगया म्हणतात, हेही सांगितलं. पुढं भूवैज्ञानिक आले आणि त्यांना इथल्या खडकातच काच सापडली, आघाताच्या उष्णतेनं वितळून झालेली.

गावाची स्वतःची गोष्ट मात्र वेगळी. लवणासुर नावाचा दैत्य याच खड्ड्यात राहायचा म्हणे. त्याला मारणारा विष्णू गावात दैत्यसूदन होऊन उभा आहे, आणि त्या मंदिराचं कोरीवकाम पाहायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं.

कड्यावर धार आहे. गोमुखातून गोड पाणी बारमाही पडतं. खाली तळं मात्र खारट. काठाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचं पाणी गोड, एका बाजूचं खारं, असं गाव सांगतं. धारेवर कळशी भरणारी बाई मला म्हणाली, “तिकडचं काय पाहता? हे पाणी प्या ना.” मी प्यालो. अजून ती चव आठवते.

2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं. खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. देशभर फोटो फिरले. त्याच वर्षी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तळ्याचं नाव आलं.

लोणारला जाल तर कड्यावरून फोटो काढून परतू नका. गावात मुक्काम करा, दैत्यसूदनाला दिवसाउजेडी सवडीनं पाहा, तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत झाडीतून पायी उतरा. आणि धारेच्या पाण्यात साबण लावू नका. ते पाणी शेवटी तळ्यालाच मिळतं.