पोछा कोणाचा?

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना जनावरांचं वावडं नव्हतं. फक्त ती घरात नसायची. बैल गोठ्यात, कुत्रं अंगणात, मांजर धान्याच्या खोलीत उंदरांच्या मागावर. त्यांच्या घाणीचीही सोय ठरलेली. शेण उकिरड्यावर पडायचं, पुढे खत होऊन वावरात जायचं. त्याला घाण म्हणायचं कोणाला सुचलंही नसेल. आता आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये अंगण नाही, उकिरडा नाही, पांढऱ्या टाइल्स आहेत आणि त्यावर शेरू आहे.

कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा घरात पंधरा दिवस चर्चा झाली, ती सगळी जात आणि नाव यांवर. पाण्याचा विषय कोणी काढला नाही. वऱ्हाडात तोच आधी काढायला हवा. अमरावतीची तहान अप्पर वर्धा धरण भागवतं, अकोल्याची महानचं काटेपूर्णा. उन्हाळा लागला की नळाची वाट पाहत ड्रम भरून ठेवावे लागतात. त्यात शेरूच्या पोटात बिघाड झाला की पहाटे तीनला पहिला हिशेब पाण्याचाच होतो: वरवर पुसू की धुऊन काढू? माहेरी अकोल्याला बोअर आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. त्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. तिथे कुत्र्याला अंघोळ घातली तर तो ओला होतो, स्वच्छ होतोच असं नाही.

माहेरी कुत्रा नाही, बोका आहे. त्याने एकदा पाहुण्यांच्या कापसाच्या गादीवर हक्क सांगितला. आईने गादी गच्चीवर टाकली, चार दिवस कडक ऊन दाखवलं. वास गेला. मग मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, कूलर सुरू झाला, आणि त्याच्या दमट झोतासरशी वास जसाच्या तसा परत आला. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, बोक्यात तर जास्तच. ते हळूहळू विघटित होतं आणि तो उग्र, गंधकाचा दर्प सोडत राहतं. कापूस हे सगळं जपून ठेवतो. कापसाच्या या मुलखात याचं नवल वाटू नये, पण वाटलं खरं. शेवटी गादी उसवून कापूस फेकला. आईने बोक्याला शिव्या घातल्या आणि संध्याकाळी त्याच्यापुढे दूध ठेवलं.

गोचिडींची गोष्ट मात्र निराळी, त्यात गंमत नाही. मी शेरूच्या कानातल्या वेचून रॉकेलच्या वाटीत टाकत असे आणि काम झालं असं समजत असे. डॉक्टरांनी समजावलं: रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे औषध कुत्र्याला आणि घराला, दोघांनाही. त्यानंतर मी पलंगाचे सांधे, दाराच्या चौकटी, स्विचबोर्डच्या कडा टॉर्च लावून पाहिल्या. पडद्याच्या शिवणीत एक सापडली, राखाडी, एरंडीच्या बीएवढी. गोचीड ताप होऊन प्लेटलेट उतरलेली कुत्री दवाखान्यात पाहिल्यावर तो टॉर्च मी अजून हाताशी ठेवते.

या सगळ्यात आमच्याकडच्या पुष्कळ घरी व्हरांड्यात टांगलेला पिंजऱ्यातला पोपट लोकांना सोयीचा वाटतो. खाली कागद अंथरला की झालं. फक्त 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे त्या घरांना कोणी सांगत नाही. सोयीचं जनावर म्हणजे बहुतेक वेळा कोंडलेलं जनावर, असं मला वाटतं.

आमच्याकडे हौस मुलाची होती. तो शेरूसोबत फोटो काढायचा आणि फिरायला न्यायचा, तेही पाऊस नसेल तर. पुसायची वेळ आली की त्याचा अभ्यास निघायचा. सासूबाईंनी त्याला एकदा दारातच अडवलं: "कुत्रं तुहं अन् पोछा माहा? वा रे वा!" त्याने दोन दिवस पुसलं. मग पुन्हा आम्हीच. प्रेम आणि पोछा यांची वाटणी घराघरात अशीच झालेली दिसते. प्रेम सगळ्यांचं, पोछा बायकांचा.

आता तो पुण्याला शिकतो. दिवाळीत आला तेव्हा शेरू आनंदाच्या भरात त्याच्या पायाशी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरच मुतला. सासूबाईंनी खुर्चीतून हलायचंही नाकारलं. शेरूकडे पाहून म्हणाल्या, "आला ना तुहा मालक? आता पोछाही त्यालेच माग."