लिनक्सवर चालेल का?

नेटचं कनेक्शन घेताना वेग आणि महिन्याचे पैसे मी नंतर विचारते. मी विंडोजऐवजी लिनक्स वापरते, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: ‘लिनक्सवर चालेल का?’ पुण्यातल्या माहेरच्या घरापासून नाशिकच्या आताच्या फ्लॅटपर्यंत हा प्रश्न माझ्यासोबत आला आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा असं काही विचारावं लागत नव्हतं. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल खातं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पत्रं वाचायची ती पाइन या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये. खरं काम पलीकडच्या युनिक्स यंत्रावर चालायचं, त्यामुळे आपल्या टेबलावर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

अडलं ते पुढे, मॉडेमपाशी. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी लिनक्स टाकलं. संगणकाच्या आत बसवलेलं मॉडेम स्वस्तातलं होतं; त्याचं बरंचसं काम विंडोजमधला ड्रायव्हर करायचा आणि लिनक्ससाठी तसा ड्रायव्हर कुणी दिलेला नव्हता. शेवटी तापकीर गल्ली पालथी घालून सिरियल पोर्टला लावायचं बाहेरचं मॉडेम आणलं. जड, महाग, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग. फाईलमध्ये फोन नंबर, नाव आणि पासवर्ड लिहायचा आणि ‘डब्ल्यूव्हीडायल’ या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमची कमांड द्यायची. मॉडेम किंचाळायचं, एकेक दिवा लागायचा, पडद्यावर ओळी सरकायच्या आणि त्यांच्या शेवटी आयपी पत्ता उमटायचा. तेवढा वेळ आई फोनला हात लावू द्यायची नाही कुणाला. सेवा देणाऱ्यांच्या माहितीपत्रकात लिनक्सचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरी चालायचं, कारण दोन्ही टोकं फोनवरून संगणक जोडण्याच्या ‘पीपीपी’ या नियमांनी बोलत होती आणि ते नियम १९९४ मध्ये छापून सर्वांसाठी खुले झाले होते. कुणाची परवानगी काढावी लागली नाही, हे मला तेव्हाही फार मोलाचं वाटलं होतं.

केबलवाल्याच्या नेटने नेमकं हेच काढून घेतलं. वेग छान होता, पण लॉगिनला त्यांचाच प्रोग्रॅम हवा आणि तो फक्त विंडोजवर चालणार. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणायचा, ‘मॅडम, स्टार्टवर क्लिक करा.’ लिनक्स आहे म्हटलं की थोडा वेळ शांतता, मग, ‘विंडोज टाकून घ्या ना मॅडम.’ त्याचा राग येत नसे. त्याला शिकवलेलंच तेवढं. राग यायचा तो अशी व्यवस्था ठरवणाऱ्यांचा. वीज कंपनी मिक्सर कुठला म्हणून विचारत नाही, मग यांनी का विचारावं? त्या काळात काही जाणत्या मंडळींनी अशा प्रोग्रॅमांची सर्व्हरशी चाललेली देवाणघेवाण निरखून लिनक्ससाठी पर्याय लिहिले आणि फुकट वाटले. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

२००५ मध्ये भारत संचार निगमचं ब्रॉडबँड आलं. आमच्याकडे आलेल्या लाइनमनने मॉडेम खोक्यातून काढलं, सोबतची यूएसबी केबल बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘ताई, ही नको. ती लावली की ड्रायव्हर आला. ही नेटवर्कची लावा, मग काहीही वापरा.’ खट् आवाज करून केबल बसली. माझ्या डेबियन लिनक्समध्ये ‘पीपीपीओईकॉन्फ’ चालवलं, नाव आणि पासवर्ड दिला, झालं. ब्रॉडबँडवर लॉगिन करायच्या या पद्धतीचे, म्हणजे पीपीपीओईचे, नियमही १९९९ पासून खुलेच आहेत. लिनक्स हे नाव त्या माणसाने ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक; पण त्याच्याइतका नेमका सल्ला मला कुठल्याही हेल्पलाइनवर मिळाला नाही.

मधली डोंगलची वर्षं ‘यूएसबी मोडस्विच’ या छोट्या प्रोग्रॅमच्या भरवशावर निभावली. आता घरात फायबर आहे. लॉगिनचं काम राउटरच करतो आणि अशा बहुतेक राउटरांमध्ये आत लिनक्सच चालतं. पण प्रश्न मिटलेला नाही. कुठे कंपनीचाच राउटर लावायची सक्ती, कुठे त्याच्या सेटिंग्ज कुलूपबंद, कुठे वायफायचा पासवर्ड बदलायलाही त्यांचंच ॲप.

‘आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही,’ हे उत्तर ऐकून मी आता मागे फिरत नाही. मला त्यांच्याकडून सपोर्ट नको आहे; खुल्या नियमांनी जोडू द्यावं, एवढंच हवं आहे.

तुम्ही विंडोज वापरत असलात तरी कनेक्शन घेण्याआधी हे विचारून घ्या: लॉगिन पीपीपीओईने होतं, डीएचसीपी या दुसऱ्या खुल्या पद्धतीने होतं, की तुमचा वेगळा प्रोग्रॅम लागतो? स्वतःचा राउटर लावता येईल का? प्रोग्रॅम लागतोच म्हणाले, तर पैसे भरण्याआधी दुसरीकडे चौकशी करा.