मामाचा निळा पासपोर्ट

गाव विचारलं आणि मी "गोरेगाव" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "ईस्ट की वेस्ट?" मग सांगावं लागतं की आमच्या गोरेगावात लोकल येत नाही. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांमधलं हे तालुक्याचं ठिकाण. मुंबईला जायचं तर आधी गोंदियाला जाऊन विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आणि एक रात्र गाडीत काढायची.

मागच्या वर्षी माझा पहिला पासपोर्ट आला. जन्मस्थानापुढे छापलं होतं : गोरेगाव, महाराष्ट्र. जिल्हा नाही. म्हणजे आता जगातला कुठलाही इमिग्रेशनवाला मला मुंबईकर समजायला मोकळा. मी हसत हसत तो पासपोर्ट मामाला दाखवायला घेऊन गेलो. आजोळ दोन गल्ल्या पलीकडेच आहे. मामाने आतलं पान उघडलंच नाही. कव्हरवर खाली जी छोटी सोनेरी खूण आहे, चौकोन आणि मधे गोल, तिच्यावर अंगठा ठेवून तो म्हणाला, "हे काय आहे बाबू? हे माझ्यावर नाही."

त्याने हे ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता. २०१८ च्या जानेवारीत.

मामा गवंडी आहे. नववीनंतर शाळा सुटली. २०१६ मध्ये त्याने पासपोर्ट काढला आणि ओमानला गेला. त्याच्या पासपोर्टवर आत एक नोंद आहे : ईसीआर. दहावी पास नसलेला माणूस कामासाठी आखाती देशांत किंवा यादीतल्या इतर देशांत निघाला, तर त्याला आधी सरकारची परवानगी लागते. यादीत एकूण १८ देश आहेत. हेतू चांगला आहे. एजंट फसवतात, तिकडे गेल्यावर पगार बुडतो, पासपोर्ट मालक ठेवून घेतो. १९८३ चा उत्प्रवास कायदा अशाच माणसांना सांभाळण्यासाठी आहे. दहावीची मार्कशीट जोडली की ही नोंद लागत नाही. माझ्या आणि मामाच्या पासपोर्टमधला फरक तेवढाच, एका मार्कशीटचा.

त्या जानेवारीत मामा सुट्टीवर आला होता. मी बारावीला. १२ जानेवारीला परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की पासपोर्टचं शेवटचं पान आता छापलं जाणार नाही आणि ईसीआरवाल्यांना निळ्याऐवजी नारिंगी कव्हरचा पासपोर्ट मिळेल.

यातली मेख मला बऱ्याच वर्षांनी कळली. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं, जोडीदाराचं नाव आणि पत्ता असतो. एकट्या आईने वाढवलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या मुलांना त्या रकान्यांचा त्रास होतो, म्हणून ते पान काढायचा विचार झाला. विचार चांगलाच होता. पण ईसीआरची नोंदही त्याच पानावर. पान गेलं तर ती नोंद कुठे ठेवायची? उत्तर निघालं : कव्हरवर. जी गोष्ट फक्त खिडकीमागच्या अधिकाऱ्याला दिसत होती, ती आता रांगेतल्या प्रत्येकाला लांबूनच दिसणार होती.

आमच्याकडे ही बातमी व्हॉट्सअॅपवर आली. निळा आणि नारिंगी, दोन पासपोर्ट शेजारी शेजारी. मामाने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबू, माझा बी बदलतील का?"

मी बारावीचा, शहाणा. म्हटलं, "बदलला तर बदलला, मामाजी. रंगाने काय होते?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिथं कॅम्पात आमचे कपडे येगळे, बस येगळी, जेवाची जागा येगळी. इमानतळाच्या रांगेत मात्र सगळ्याइचे पासपोर्ट निळेच रायते. सुटाबुटातला मानूस माझ्या पुढं उभा अन् त्याच्या हातात बी तेच. कोन किती शिकला, तिथं कोनी इचारत नाही."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरं तर आजही नाही.

विरोध बराच झाला. मजुरांना दुय्यम नागरिक ठरवताय का, असं विरोधी पक्षांनी विचारलं. केरळमध्ये घरटी कोणीतरी आखातात, तिथे तर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. १८ दिवसांनी, ३० जानेवारीला, मंत्रालयाने दोन्ही निर्णय मागे घेतले. शेवटचं पान राहिलं आणि निळा रंगही राहिला. त्या संध्याकाळी मामाने पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत पेटीत ठेवला आणि वर पेटीला कुलूप लावलं.

आपल्याकडे पासपोर्टचे रंग आधीपासून तीन आहेत. सरकारी कामावर जाणाऱ्यांना पांढरा, राजनैतिक अधिकाऱ्यांना मरून, बाकी सगळ्यांना निळा. पण पांढरा आणि मरून हे कामाचे रंग आहेत. काम संपलं की तेही निळ्याच्या रांगेत येतात. नारिंगी रंग माणसाच्या शिक्षणाचा होणार होता. नववीत सुटलेली शाळा त्याने आयुष्यभर हातात धरून मिरवायची होती.

त्याच काळात इंग्लंडमध्येही पासपोर्टच्या रंगावरून गाजत होतं. युरोपियन युनियनमधून बाहेर पडतोय म्हणून मरून कव्हर जाऊन पुन्हा निळं येणार, असं तिथल्या सरकारने २०१७ च्या डिसेंबरात सांगितलं. आपली ओळख परत मिळाली म्हणून लोक खूश. २०२० मध्ये ते निळे पासपोर्ट आले, तर ते बनत होते पोलंडमध्ये! तैवानचं मात्र मला पटतं. कोरोनाच्या वर्षात त्यांचे लोक कव्हरवरच्या 'चायना' या शब्दामुळे चिनी समजले जायचे. २०२१ च्या जानेवारीत त्यांनी नवं कव्हर आणलं, त्यावर 'तैवान' ठळक आणि 'रिपब्लिक ऑफ चायना' बारीक. ईस्ट की वेस्ट ऐकत मोठा झालेला माणूस हे दुःख समजू शकतो.

आपले पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. त्यांच्या आतल्या पानावरच्या कमळावरूनही २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत प्रश्न आला होता. नकली पासपोर्ट ओळखण्यासाठीची ती खूण आहे आणि पुढे आळीपाळीने इतर राष्ट्रीय चिन्हंही येतील, असं मंत्रालयाने सांगितलं. आमचा जिल्हा तलावांचा. इथे बोडीत कमळ उगवतं तेव्हा ते कोणाचं, असं कोणी विचारत नाही. पण पासपोर्टवर आलं की विचारावं लागतं, कारण ती वही सगळ्यांची आहे. ज्याने सरकारला मत दिलं त्याची, आणि ज्याने नाही दिलं त्याचीही.

आता ही नवी सोनेरी खूण. ई-पासपोर्टची. कव्हरच्या आत चिप असते, तिच्यात आपली माहिती आणि फोटो. १ एप्रिल २०२४ ला प्रायोगिक सुरुवात झाली, आणि पहिल्या मोजक्या कार्यालयांत आमचं नागपूरही होतं. मी गोंदियाहून सकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून तिथे गेलो होतो. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना आला तेव्हा मामा आठवला. काउंटरवर मी दहावीची मार्कशीट पुढे सरकवली. काउंटरवरच्या मॅडमनी ती उलटून पाहिली आणि परत दिली. अर्धा मिनिट लागला असेल.

वर सिंह आहेत, सत्यमेव जयते आहे. ते माणसांनी वाचायचं. खालची खूण मशीनसाठी. जगभरच्या ई-पासपोर्टवर तीच असते, तिच्यात भारताचं असं काही नाही. तरीही मामाच्या नजरेला आधी तीच दिसली. ज्याच्यावर एकदा शिक्का बसता बसता राहिला, तो माणूस कव्हरवरची नवी खूण अशीच बघणार.

"हे शिकलेल्याइसाठी आहे का?" त्याने विचारलं.

"नाही मामाजी. चिपचं निशाण आहे. आता नवीन निघणाऱ्या सगळ्यांवर येते."

"सगळ्याइच्या?"

"सगळ्यांच्या. तुमचा यंदा संपते ना? नवीन काढाल तर तुमच्यावर बी येईल."

त्याने दोन्ही पासपोर्ट खाटेवर शेजारी ठेवले. त्याचा दहा वर्षांत घासून काळपट झालेला, वरचे सिंह जवळजवळ पुसलेले. माझा कोरा करकरीत. रंग तोच.

मग उठून त्याने पेटीतून जुनी फाइल काढली आणि विचारलं, नागपूरची तारीख मोबाईलवर घेता येते का. आत्ताच.